कमानीच्या या टोकाला

सासूबाईंच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, आणि तो शिवेपर्यंत थांबायला मला वेळ नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याविषयी भलता चांगला समज नको.

घाटावर आम्ही दीड तास उभे होतो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या भिंतीवर पाच-सहा जण ओळीने बसून आमच्याकडे बघत होते. नातेवाईक एकेक करून पुढे जात होते, हात जोडून कबूल करत होते. नातीला मराठी शिकवू. कानातले धाकटीला देऊ. दारातला आंबा तोडणार नाही. बाईच्या मनात जे जे राहिलं असेल ते सगळं बोलून झालं, तरी एकही पिंडाजवळ फिरकेना. बाबा, म्हणजे माझे सासरे, मात्र काहीच बोलले नाहीत. मला मुंबईहून विमान गाठायचं होतं. शेवटी मीच म्हणाले, "गुरुजी, दर्भाचा कावळा करून घ्या ना आता." गुरुजींनी दर्भ वळला, पिंडाला लावला आणि मोकळे झाले. बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. रागाने नाही. बसच्या दारापर्यंत पोचावं आणि बस सुटावी, तेव्हा माणूस जसा बघतो तसं.

ही २०१५च्या आसपासची गोष्ट. तेव्हा आम्ही स्टुटगार्टजवळ राहायचो. नवरा झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, मी एका संस्थेत धातूंवर संशोधन करणारी. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. अर्धी पोळी खायची, बाल्कनीत बसायचं, नात जर्मनमध्ये काही बोलली की मान हलवायची, एवढाच त्यांचा दिवस. तोंडाला कुलूप. एकदा माझ्याबरोबर मेथी निवडत बसले होते, तेव्हा न विचारता म्हणाले, "तिनं हॉस्पिटलमध्ये मला एक विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. म्हणून नाही शिवला."

"काय विचारलं होतं?"

"ते राहू दे."

आता गप्प बसावं की नाही? पण मी म्हणाले, "बाबा, त्या कावळ्यांची पोटं भरलेली असतील हो. सकाळपासूनचे चौथे पिंड होते आपले." त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मेथीही तशीच राहिली.

नोव्हेंबरात मला कामासाठी ड्रेस्डेनला जायचं होतं. नवऱ्याची शिफ्ट होती, मुलगी मैत्रिणीकडे राहणार होती, म्हणून मी बाबांना बरोबर घेतलं. सोमवारी माझी मीटिंग, आधीचा रविवार मोकळा. बाबा तरुणपणी अठरा महिने झेक देशातल्या पिल्सेनला होते. कंपनीने मशीन टूल्सच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ते तिकडे असतानाच इकडे त्यांची पहिली मुलगी जन्मली आणि बारशाच्या आधीच गेली. तार उशिरा पोचली, त्यामुळे बाबांना पंधरा दिवसांनी कळलं, असं घरात सांगत. सांगत म्हणजे एकदाच सांगितलं होतं, आणि तेही आईंनी, म्हणजे सासूबाईंनी नाही, आत्येसासूबाईंनी.

मी म्हणाले, "बाबा, ड्रेस्डेनहून प्राग दोन-अडीच तास. पिल्सेन त्याच्या थोडं पुढे. शनिवारी निघू, जाऊन येऊ."

"नको. तिकडे नको." मग बऱ्याच वेळाने, खाली बघत म्हणाले, "सीमेच्या अलीकडे कुठे मिळते का गं तिकडची बिअर? तिथल्यासारखी ओतलेली?"

मी चाटच पडले. आमच्या लग्नात व्याह्यांनी हातात दिलेला ग्लास या गृहस्थांनी कुंडीत ओतला होता. घरात लिंबू सरबताच्या पुढे कधी गेले नाहीत. पण मी त्यांना विचारलं नाही, ड्रेस्डेनच्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, ग्योर्लिट्झला जा. पोलंडच्या सीमेवरचं जुनं शहर, झेक सीमाही फार लांब नाही, आणि तिथे एक म्हातारी झेक बाई अजून तशी बिअर ओतते.

तो रविवार टोटनझोनटाग होता, मेलेल्यांचा रविवार. आपल्या सर्वपित्रीसारखा, फक्त जेवण नाही. लोक कबरींवर दिवे लावतात आणि घरी जाऊन गप्प बसतात. हे मला गाडीत बसल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर त्या दिवशी बाबांना नसतं नेलं.

ग्योर्लिट्झला उतरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. युद्धात बॉम्ब पडले नाहीत म्हणून हे शहर पाचशे वर्षांपूर्वीचं तसंच उभं आहे. घरं काय, एकापेक्षा एक देखणी. पिवळी, गुलाबी, हिरवट, दारांवर दगडी कोरीव काम, सगळी नव्याने रंगवलेली. पण खिडक्यांना पडदे नाहीत. आत बघावं तर रिकाम्या खोल्या, एका कोपऱ्यात शिडी, आणि पलीकडच्या खिडकीतून दिसणारं धुकं. माणसं नोकऱ्यांसाठी पश्चिमेला निघून गेली आणि घरं मागे राहिली. आपल्याकडे ओसाड घर पडकं तरी असतं, बघितलं की कळतं. इथे नीटनेटकी घरं होती आणि राहायला कुणी नव्हतं. मला ते आवडलं नाही.

बाबा मात्र भराभर चालत होते. घरी दोन खोल्यांमधलं अंतर चालायला कंटाळणारा माणूस दगडी चढावर माझ्या दहा पावलं पुढे. मी नकाशा बघायच्या आत ते डावीकडे वळायचे, आणि वळण बरोबर निघायचं. दोनदा झालं, तेव्हा मी विचारलं, "बाबा, तुम्ही इथे आला होतात का?"

"नाही. पण असंच असतं. चर्च, मग चौक, मग खालच्या बाजूला पिण्याची जागा."

एका गल्लीत बेकरी दिसली. काचेवर जुन्या वळणदार अक्षरांत पाटी, आत फळीवर पाव मांडलेले. बाबांनी दार ढकललं. उघडेना. त्यांनी ठोठावलं. मी काचेला नाक लावून बघितलं तर पावांवर धूळ होती आणि एका पावाचा कोपरा फुटून आतलं पांढरं प्लास्टर दिसत होतं. इथे सिनेमांची शूटिंग होतात, त्यातलंच कुठलंतरी दुकान तसंच ठेवलेलं. मी हे सांगत असतानाही बाबा दार ठोठावतच होते, अगदी हळू, घरातल्या माणसाला जाग यावी इतपतच. मी त्यांचा हात धरून त्यांना तिथून बाजूला केलं.

चौकातल्या मनोऱ्यावर एक घड्याळ आहे, आणि त्याच्या तबकडीत एका माणसाचं डोकं. दर मिनिटाला ते डोकं जबडा उघडतं आणि मिटतं. आवाज काही येत नाही. आम्ही खाली उभे राहून चार-पाच वेळा ते बघितलं. मी म्हटलं, "सूनबाई बोलत असताना सासरे असेच दिसतात." एरवी या असल्या चेष्टेवर बाबा निदान 'हं' तरी म्हणायचे. ते त्या जबड्याकडेच बघत होते.

ती झेक जागा तळघरात होती. आठ पायऱ्या उतरून, कमानी छताखाली सहा टेबलं. मेलेल्यांचा रविवार म्हणून संगीत नव्हतं. तीन म्हातारे वेगवेगळ्या टेबलांवर बसून समोर बघत होते. बिअरच्या नळामागे सत्तरीची ठेंगणी बाई. बाबा सरळ तिच्यापाशी गेले आणि बोलायला लागले.

नऊ वर्षं मी या माणसाची सून होते. त्यांचं पुणेरी खाकरणं, त्यांचं जपून वापरलेलं इंग्रजी, आईंवर ओरडतानाचा वरचा सूर, सगळं मला पाठ. आता त्याच तोंडातून भलतीच भाषा यायला लागली, आणि आवाजही दुसराच होता. हलका, वरचा, पंचविशीतल्या माणसाचा. हातसुद्धा वेगळे हलत होते. बाईने हातातलं फडकं खाली ठेवलं. मला जर्मनमध्ये विचारलं, "तुमचे वडील?"

"सासरे."

"असं झेक आता कुणी बोलत नाही," ती म्हणाली. "ते शब्दच गेले. माझे वडील असं बोलायचे." आणि तिने एकदा दाराकडे बघून घेतलं. का, ते तिचं तिला माहीत.

बिअर ओतायची तिची पद्धत मी बघत बसले. ग्लास गार पाण्यातून काढायचा, तिरका धरायचा, आधी फेस येऊ द्यायचा आणि मग त्या फेसाच्या खालून बिअर सोडायची. वर तीन बोटं फेस, सायीसारखा दाट. बाबांनी सांगितलं की फेस कमी असला तर तिथे ग्लास परत पाठवतात. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून ग्लास ग्लासाला लावला, मग टेबलावर टेकवला, मग प्यायले. इतकं सराईतपणे, की मला उगीचच आईंची आठवण झाली आणि राग आला. चाळीस वर्षं लिंबू सरबत!

तिथे पुढचा ग्लास मागावा लागत नाही. पहिला संपत आला की बाई दुसरा आणून ठेवते. माझ्या पहिल्या ग्लासात चार बोटं उरली होती आणि दुसरा आला. आता आपल्याकडे कुणीही जे करेल तेच मी केलं. उरलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून जुनी बिअर नव्या ग्लासात ओतायला घेतली. बाबांनी माझं मनगट धरलं. जोरात धरलं. आयुष्यात त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता, नमस्काराला वाकल्यावर डोक्यावर हात ठेवायचे तेवढाच.

"ते करायचं नसतं," ते म्हणाले.

तिन्ही म्हातारे माझ्याकडे बघत होते. बाईने येऊन दोन्ही ग्लास उचलले, बेसिनमध्ये रिकामे केले आणि नवा भरून आणला. एवढी चांगली बिअर मोरीत. माझा जीव तीळतीळ तुटला, पण बोलायची सोय नव्हती.

तिसऱ्या ग्लासानंतर बाबांनी ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती काढून ग्लासाच्या तोंडावर ठेवली. पुरे झालं, असं सांगायची ती खूण. बाईने मान हलवली. पण बाबांनी चकतीवरचा हात काढला नाही. वरून दाबून धरल्यासारखा तसाच ठेवला.

"असंच टेबल होतं," ते मराठीत म्हणाले. "भिंतीकडे मी बसलो होतो."

मी वाट बघितली. विचारावं की विचारू नये, हे मला मेथीच्या दिवसापासून कळत नव्हतं. या वेळी नाही विचारलं. ते उठले, त्या बाईला काहीतरी म्हणाले, आणि तिने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

बाहेर आलो तेव्हा चारच वाजले होते, पण नोव्हेंबरातला तिकडचा उजेड तोवर आवरायला लागतो. धुकं चौकापर्यंत चढलं होतं. गाडीला तासभर होता. त्या चौकात एका घराच्या दाराला जुनी दगडी कमान आहे. कमानीच्या कडेने बोटभर खोल खाच कोरलेली आहे, एका बाजूच्या खांबापासून वर जाऊन दुसऱ्या बाजूच्या खांबापर्यंत. एका टोकाला तोंड लावून कुजबुजलं तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला स्वच्छ ऐकू येतं, मधे उभ्या असलेल्याला काही नाही. पर्यटकांचा खेळ. बाबांचं मन जरा दुसरीकडे जावं म्हणून मी त्यांना तिथे नेलं. आवाज खाचेतून कसा घसरत जातो ते सांगितलं. इंजिनिअर माणूस, त्यांना लगेच कळलं.

"फक्त ऐकणाऱ्यालाच ऐकू येतं?" त्यांनी विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणाले, "फक्त त्यालाच."

ते डावीकडे गेले, मी उजवीकडे. दोघांची तोंडं भिंतीकडे. दगड इतका गार होता की कान दुखायला लागला. आधी नुसताच श्वास आला. तो इतका जवळून आला की मी दचकून मान मागे घेतली. मागे कुणी नव्हतं. मी पुन्हा कान लावला.

"अगं," दगड म्हणाला. "तार मला त्याच दिवशी मिळाली होती."

मी हलले नाही.

"हॉस्टेलच्या बाईनं संध्याकाळी हातात दिली. वाचली आणि खिशात घातली. त्या दिवशी आमच्यातल्या एकाचा वाढदिवस होता. मी सगळ्यांबरोबर गेलो. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं, आणि परत कुणी बोलावलं नसतं. चार ग्लास प्यायलो. हसलोसुद्धा. पंधरा दिवस तो कागद खिशात होता, मग तुला लिहिलं की आज मिळाली. तार खरंच उशिरा आली होती का हो, असं विचारलंस ना तू मला? हे त्याचं उत्तर."

मला हे ऐकायचं नव्हतं, आणि कान काढताही येत नव्हता.

"ऐकतेस ना?" दगड म्हणाला. "बोल की काहीतरी."

कुजबुजीला कुणाचा आवाज असा नसतो. गळा त्यात वाजतच नाही, नुसती हवा असते. बाईची, पुरुषाची, म्हातारीची, तरुणीची, सगळ्यांची कुजबुज जवळजवळ सारखी. हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी मी याचाच विचार करत होते, हेही मला आठवतं. मी मान वळवली, ओठ खाचेला लावले आणि म्हणाले, "अहो, मला तेव्हाच कळलं होतं. जाऊ द्या आता."

पलीकडून काहीच आलं नाही. मग पावलं वाजली आणि बाबा खांबाच्या कडेने माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोळे ओले होते. माझ्याकडे नीट बघत त्यांनी विचारलं, "तू काही बोललीस का गं मध्ये?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "मला काही ऐकूच आलं नाही. चालत नसेल ती कमान."

त्यांनी दोन-तीनदा मान हलवली. "बरं," म्हणाले, आणि स्टेशनकडे चालायला लागले. या वेळी हळूहळू, त्यांच्या वयाने चालावं तसे. स्टेशनवर त्यांनी दोन सँडविच खाल्ली आणि माझ्यातलं अर्धं मागून घेतलं. आमच्याकडे आल्यापासून मी त्यांना असं खाताना बघितलं नव्हतं. गाडी सुटल्यावर ते खिडकीकडे बघत होते. बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं.

"तिनं माफ केलं," ते मला किंवा काचेला म्हणाले. "मला नव्हतं वाटलं ती करेल."

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत बसले. आईंनी स्वतःच्या सख्ख्या बहिणीला एका शब्दावरून बावीस वर्षं घरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. बहीण गेली तेव्हा त्या शेवटच्या दर्शनालाही गेल्या नाहीत. स्वयंपाक करत बसल्या आणि आम्हाला वेळेवर वाढलं. त्यांना तारेचं कळलं होतं की नाही, देव जाणे. बहुतेक नसावंच. कळलेलं असतं तर त्यांनी विचारलं नसतं. आणि विचारून उत्तर मिळालं असतं, तर बाबांच्या हातचं पाणीही शेवटी घेतलं नसतं. माफ करायचं की नाही, तो हक्क त्यांचा होता. मी तो त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच 'अहो'ने वापरून टाकला.

समोर बाबा झोपले होते, आईंच्या माघारी पहिल्यांदाच कपाळावरची आठी मोडून. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण ड्रेस्डेन येईपर्यंत मी तोंडातून एक शब्दही काढला नाही, कारण काढला असता तर तो कुणाच्या आवाजात आला असता, याची मला खरोखर भीती वाटत होती.